उद्याच्या तारखेचा बँड

क्लॅरिओनेटचा सूर कानावर आला तेव्हा मी डोक्याला टॉवेल गुंडाळून आरशासमोर उभी होते. रविवारची सकाळ होती.

"कुणाचं लगीन काढलं गं हे?" आई स्वयंपाकघरातून ओरडली. "पत्रिका तर कुणाची आली न्हाई."

कोल्हापुरात मंगळवार पेठेतली आमची गल्ली एवढी अरुंद, की एका घरात मिरचीची फोडणी पडली की चार घरांत शिंका. तिथं लग्न निघतंय आणि आईला पत्ता नाही, हे होणंच शक्य नव्हतं. मी वरच्या खिडकीतून डोकावले. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालरी, पुढं क्लॅरिओनेट, मागं ढोल, अख्खा ब्रास बँड. त्यांच्या पाठोपाठ एक हलगीवाल्यांचा ताफा. दोन्ही ताफे एकमेकांकडे खाऊ की गिळू अशा नजरेनं बघत होते. आणि हे सगळं लटांबर आमच्याच दारात येऊन थांबलं.

आबा पायरीवर पेपर वाचत बसले होते. केएमटीची बस चालवून आठवडाभर कान किटायचे, म्हणून रविवारी त्यांना घरात टाचणी पडलेलीसुद्धा चालायची नाही.

बँडचा म्होरक्या पुढं आला. पांढरी दाढी, कोट जुना पण कडक इस्त्रीचा. "रामराम. पद्मजा मगदूम यांचं घर हेच न्हवं?"

"हेच. का वो?"

"मी दस्तगीर मास्तर, शाहीन ब्रास बँड. लग्नाची सुपारी हाय आमाला." मास्तरांनी खिशातून मोबाइल काढून लांब धरला. "वधू पद्मजा मगदूम. वर विराज इंगवले. नवरदेव तयार झाले का?"

आबांनी पेपरची नीट घडी घातली. मग वर बघून हाक मारली, "पदे! खाली ये. तुझं लगीन हाय म्हणत्यात आज."

मी जिना उतरले ती दोन-दोन पायऱ्या टाकत. कारण नावं मी वरूनच ऐकली होती. ती नावं मीच टाकली होती. आदल्या दिवशी संध्याकाळी, मोबाइलवर, माझ्या या बोटांनी!

आता लगेच मनात मांडे खाऊ नका. विराज इंगवलेला मी तोवर एकदाच पाहिलं होतं, तेही क्लासमध्ये शेवटच्या बाकावरून. सांगते काय झालं ते.

बी.कॉम. होऊन मी दोन वर्षं घरात बसले होते. मुलाखतीला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, अनुभव काय? अहो, नोकरी दिल्याशिवाय अनुभव येणार कुठून? झाडाला लागतो का? अशात राजारामपुरीत एका झेरॉक्सच्या दुकानावर पाटी दिसली. मॅन्युअल टेस्टिंग शिका, अनुभवाची अट नाही. दुसऱ्यांनी बनवलेलं ॲप आपण वापरून बघायचं आणि त्यातल्या चुका शोधून द्यायच्या, एवढंच काम. मला तर वाटलं, ही नोकरी कुणीतरी मला समोर बसवून बेतलीय. खुसपटं काढण्यात लहानपणापासून माझा हात धरणारं घराण्यात कुणी नव्हतं. आमच्या आत्याच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी मी मांडवातल्या फलकावर वराचं गाव चुकलंय म्हणून बोंब ठोकली होती. तेव्हा मी दुसरीत होते.

आबांना मात्र हे काही केल्या पटेना. "दुसऱ्याच्या चुका काढायच्या आणि पगार घ्यायचा? ह्यो कसला धंदा म्हणायचा? चूक काढली की माणूस शिव्या देतंय, पैसे कोण देतंय?"

त्यांनी त्यांच्या ओळखीच्या पतसंस्थेत माझ्यासाठी काउंटरची जागा बघून ठेवली होती. चेअरमनना शब्दही देऊन टाकला होता. एक तारखेपासून रुजू. "तोवर काय ते क्लासबिस करून घे," म्हणाले, "मग गप काउंटरला बसायचं."

क्लास घ्यायला शिरगुप्पे सर होते. पुण्यात मोठ्या कंपनीत वर्षानुवर्षं काम करून आईवडिलांसाठी गावी परत आलेले. बोलायला हळू, पण एकेक गोष्ट डोक्यात खिळ्यासारखी ठोकायचे. "चूक घराच्या मधोमध नसते, उंबऱ्यावर बसलेली असते," असं सांगायचे. म्हणजे एखादी गोष्ट दोन दिवस आधी सांगायचा नियम असेल तर दहा दिवस टाकून बघण्यात काही अर्थ नाही, दोन टाका, मग एक टाका. "खोटी माहिती भरायची ती खरी वाटली पाहिजे. अबक, कखग लिहून काही हाती लागत नाही." आणि सगळ्यात मोठा नियम, जो ते रोज म्हणायचे. "एकदा दिसलेली चूक ही चूक नव्हे. पुन्हा करून दाखवा. तीच पावलं, तोच क्रम. आपल्या मनानं काहीही बदलायचं नाही."

शेवटच्या आठवड्यात सरांनी आम्हाला खरं काम दिलं. विराज इंगवले नावाच्या मुलानं लग्नासाठी बँड, हलगी, सनई-चौघडा ठरवायचं ॲप बनवलं होतं. त्याची एक सरावाची प्रत त्यानं आम्हा दहा-बारा जणांना दिली. हिच्यात वाट्टेल ती खोटी लग्नं लावा, बाहेर काही जात नाही, असं छातीठोकपणे सांगून गेला. जो सगळ्यात भारी चूक शोधेल त्याचं नाव सर सोमवारी पुण्याच्या त्यांच्या जुन्या कंपनीला कळवणार होते. एकच नाव. ते माझं नसलं, की पतसंस्थेचं काउंटर आणि मी.

आणि ते माझं नसणार, हे दिसतच होतं. वर्गात तेजस म्हणून इंजिनिअर झालेला मुलगा होता, तो धडाधड चुका काढत होता. मी काढलेल्या काय? एक बटण तिरकं दिसतंय, आणि हलगीच्या जागी ताशाचा फोटो आहे. शनिवारी संध्याकाळी मी इरेला पेटले. ॲपचा नियम होता, बँड किमान दोन दिवस आधी सांगावा. मी म्हटलं, चला उंबऱ्यावर! उद्याचीच तारीख टाकली. खरी वाटणारी माहिती हवी, म्हणून वधूचं नाव माझं, पत्ता आमच्या घराचा. वराचं नाव काही सुचेना. समोर ॲपच्या तळाशी बनवणाऱ्याचं नाव दिसलं, तेच टाकलं. फोन नंबर म्हणून सगळे नऊ दाबले. ॲपनं मुकाट्यानं घेतलं! मग त्याच लग्नाला त्याच वेळेला हलगीपण सांगितली. तीही घेतली.

मी नाचले हो अक्षरशः. लगेच विराजला कळवलं. त्याचं उलटं उत्तर आलं, "सरावाच्या प्रतीत तारखेचा नियम सैल ठेवलाय. ही चूक धरत नाही." फुग्याला टाचणी लावावी तसं झालं मला. मोबाइल पालथा टाकला आणि जेवायला बसले.

आणि आता सकाळी दारात बँड!

मी आबांना भराभरा सगळं सांगितलं. आबांचा चेहरा आधी लाल, मग आणखी लाल. तोवर गल्ली गोळा झाली होती. समोरच्या हौसाक्का हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आल्या. "काय गं मालन," आईला म्हणाल्या, "पोरीचं लगीन आणि आमाला सांगायचं न्हाई व्हय?"

"मलाच कुठं सांगितलंय," आई म्हणाली.

"मास्तर, चूक झाली," मी हात जोडले. "लग्न नाही हो. ते खोटं होतं, सरावाचं."

"खोटं?" दस्तगीर मास्तरांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. "हे बघा, सुपारी पक्की म्हणून आलंय. पयलीच सुपारी हाय ही आमची ह्या ॲपवरची. पोरांनी रात्री कोटांना इस्त्र्या केल्या. फोनपण लावला मी, लागंना. म्हटलं, लग्नघर हाय, कुठं उचलणार."

लागणार कसा? सगळे नऊ!

"चहा घ्या आणि जावा आता," आबा म्हणाले.

"चहा घेतो. पण तसं जाता येत न्हाई, दादा." मास्तर शांतपणे म्हणाले. "दारात उभा राहिलेला बँड न वाजवता फिरत न्हाई. आमच्या आज्यापासनं चालत आलंय. वाजवू आणि जाऊ. फक्त कशासाठी वाजवायचं, ते सांगा. त्याबिगर चाल कुठली धरायची?"

हलगीवाल्यांनीही माना डोलावल्या. एवढ्या एका बाबतीत दोन्ही ताफ्यांचं एकमत झालं.

मी आत पळाले आणि विराजला फोन लावला. तो झोपेतच होता. ऐकलं आणि ताडकन जागा झाला. "शक्यच नाही! सरावाच्या प्रतीतून मेसेज बाहेर जातच नाही. तुम्ही खऱ्या ॲपवर केलं असणार. कुणी सांगितलं होतं खऱ्याला हात लावायला?"

"मी नाही लावला."

"मग बँड काय आपोआप चालत आला? मी शिरगुप्पे सरांना सांगतो. बुधवारी माझं ॲप लोकांसाठी खुलं होतंय, आणि पहिल्याच सुपारीला ही शोभा!"

सरांना सांगणार म्हणजे संपलंच. नाव पुण्याला जाणं दूरच, खऱ्या ॲपवर खोटी लग्नं लावणारी म्हणून कीर्ती पसरणार. डोळ्यांत टचकन पाणी आलं माझ्या. आणि त्याच वेळी डोकंही सणकलं. मी केलंच नव्हतं तर का ऐकून घ्यायचं?

"हे बघा," मी म्हटलं, "तुम्ही इथं या. तुमच्यासमोर, तुमच्या मोबाइलवर, तुमच्या सरावाच्या प्रतीत पुन्हा करून दाखवते. नाही झालं तर सरांना मी स्वतः सांगते माझं नाव काढायला."

"येतो," तो म्हणाला.

तो स्कूटर दामटत गल्लीत शिरला तेव्हा मास्तरांचा दुसरा चहा चालला होता. विराजनं हेल्मेट काढलं, केस सगळे उभे. "मी विराज इंगवले," असं त्यानं सांगायचा अवकाश, बँडवाले सगळे उठून उभे राहिले.

"आलं नवरदेव!" हलगीवाल्यांतला एक जण ओरडला.

"शेरवानी कुठाय?" हौसाक्कांनी विचारलं.

विराज कानांपर्यंत लाल झाला. माझ्याही कानशिलांवर शेकोटी पेटली होती, पण आता माघार नव्हती. त्याचा मोबाइल मी हातात घेतला. सरावाची प्रत त्यानंच उघडून दिली. सगळी गल्ली माझ्या खांद्यावरून बघायला लागली. मी वधू भरली, वर भरला, पत्ता, सगळे नऊ. तारखेपाशी आले आणि बोट अडखळलं. उद्याची टाकली आणि उद्या परत बँड आला तर? आबा मला घरात ठेवायचे नाहीत. म्हणून मी हळूच पुढच्या महिन्यातली मधलीच कुठलीतरी तारीख टाकली आणि दाबलं बटण.

सगळे मास्तरांच्या खिशाकडे बघत राहिले. काही नाही. फोन गप्प.

"बघितलंत?" विराज म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंदही नव्हता, नुसता वैताग. "मी सांगत होतो. सरांना फोन करू का आता?"

आबांनी सुस्कारा सोडला. "ऱ्हाऊ दे पदे. एक तारीख जवळ आलीया. काउंटर बरं आपलं."

त्या 'काउंटर बरं'नं मला जाग आली. सरांचा आवाज कानात घुमला. तीच पावलं, तोच क्रम, आपल्या मनानं काहीही बदलायचं नाही. आणि मी काय केलं होतं? भ्यायले म्हणून नेमकी तारीखच बदलली होती. उंबऱ्यावर उभी होते ती उठून मधल्या घरात जाऊन बसले होते!

"थांबा!" मी एवढ्यानं ओरडले की ढोलवाला दचकला. "मी चुकीचं केलं. तारीख उद्याची हवी."

"तारखेचा आणि मेसेजचा काय संबंध?"

"मला नाही माहीत. ते तुम्ही शोधा. पण काल मी उद्याची टाकली होती, आजही उद्याचीच टाकणार."

"आणि उद्या परत हे सगळं दारात आलं तर?" आबांनी विचारलं.

"आलं तर आलं!"

पुन्हा पहिल्यापासून. वधू पद्मजा मगदूम. वर विराज इंगवले. या वेळी गल्लीतली पोरं मोठ्यानं वाचत होती आणि बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. पत्ता. सगळे नऊ. तारीख उद्याची. दाबलं.

मास्तरांच्या कोटाच्या आत टिंग वाजलं.

मास्तरांनी मोबाइल काढला, लांब धरला आणि खणखणीत वाचलं, "सुपारी पक्की. वधू पद्मजा मगदूम..."

"वाजलं!" मी उडीच मारली. डोक्यावरचा टॉवेल उडाला, केस तोंडावर आले, मला कशाचं भान नव्हतं. "वाजलं! वाजलं! हलगी टाकते आता!" हलगी टाकली. हलगीवाल्यांचा फोन टिंग. पोरांनी टाळ्या पिटल्या. मला कुणीतरी गुदगुल्या कराव्यात तसं हसू फुटत होतं, थांबतच नव्हतं. सापडली होती! आणि पुन्हा करून दाखवली होती, सगळ्या गल्लीसमोर!

विराज आमच्या पायरीवर मटकन बसला. लॅपटॉप काढला, बडवत राहिला, ओठ पुटपुटत राहिले. आईनं त्याच्याजवळ चहा ठेवला, तो निवून गेला. मग त्यानं डोक्याला हात लावला.

"दोन दिवसांच्या आतली सुपारी असली की ती वेगळ्या वाटेनं जाते," तो म्हणाला. "घाईची म्हणून, ताबडतोब. ती सोय पुढं सुरू करायचीय, म्हणून आधीच बांधून ठेवलीय. नेहमीची वाट मी सरावाच्या प्रतीत बंद केली होती. ही घाईची वाट बंद करायचीच राहिली. ती सरळ खऱ्या नंबरांवर जाते." त्यानं माझ्याकडं बघितलं. डोळे विस्फारलेले. "उद्या मी काय करणार होतो माहितीय? घाईच्या वाटेचीच परीक्षा. शेकडो खोटी लग्नं एकदम टाकून बघणार होतो."

मी डोळ्यांसमोर आणलं. बारा तालुक्यांतले बँड, हलगीवाले, सनई-चौघडे, सगळे इस्त्रीचे कपडे घालून नसलेल्या लग्नांना निघालेले. मला परत हसू फुटलं. या वेळी विराजलाही फुटलं. मास्तर तर कोटाच्या बाहीनं डोळे पुसायला लागले.

"मास्तर, दोन्ही ताफ्यांची आजची सुपारी माझ्याकडनं," विराज म्हणाला. मग त्यानं माझ्यासमोरच सरांना फोन लावून पहिल्यापासून सगळं सांगितलं. "सर, काल मी एक चूक नाकारली होती. ती परत घेतो. हो, मगदूमचीच. नाही सर, तिनं नुसती सांगितली नाही, बँड लावून दाखवली."

फोन माझ्याकडं आला. सरांचा तोच हळू आवाज. "पावलं बदलली होतीस म्हणे मधे?"

"हो सर. घाबरले."

"पुण्यात घाबरायचं नाही. उद्या तुझं नाव कळवतोय. पुढच्या आठवड्यात मुलाखत असेल."

मी फोन विराजला परत दिला. आबा इतका वेळ भिंतीला टेकून उभे होते, हाताची घडी घालून. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग विराजकडं, मग त्याच्या लॅपटॉपकडं.

"एक सांगा मला," त्यांनी विराजला विचारलं. "हिनं तुमची चूक काढली. तुमाला राग न्हाई आला?"

"आला होता की. पण आता वाटतंय, हिनं वाचवलं मला. नाहीतर परवा बँडवाल्यांनी मारलं असतं."

आबांनी शर्टाच्या खिशातून आपला मोबाइल काढला आणि नंबर लावला. "चेअरमनसाहेब, मगदूम बोलतोय. ते काउंटरचं दुसऱ्या कुणाला तरी द्या. आमची पोरगी येत न्हाई."

"आबा!" मी किंचाळले. "अजून मुलाखत व्हायचीय! नुसतं नाव जाणार आहे!"

"हुईल की मुलाखत," आबा म्हणाले. "तितंबी कायतरी चुकलं असंलच त्यांचं. काढ."

मला हुंदका आला आणि हसूही आलं. आईनं मला जवळ ओढलं, माझे ओले केस पुसत राहिली आणि स्वतःचेही डोळे.

"मग काय करायचं, दादा?" दस्तगीर मास्तरांनी क्लॅरिओनेट उचललं. "लगीन न्हाई, वरात न्हाई. आमाला वाजवायचं तर हायच. कशाचं वाजवू?"

"लेझमाची चाल धरा," आबा म्हणाले. "जोरात."

ढोल पडला, हलगी कडाडली, आणि मघापासून डोळे वटारून बसलेले दोन्ही ताफे एका तालात वाजायला लागले. रविवारी टाचणी न चालणारे आमचे आबा, टॉवेल कमरेला बांधून भर गल्लीत उतरले. विराजलाही पोरांनी ओढलं. कोपऱ्यावरच्या बोळातून एक म्हातारे गृहस्थ पिशवी सावरत आले. ते आमच्या गल्लीतले नव्हते. आबांच्या कानाशी तोंड नेऊन त्यांनी मोठ्यानं विचारलं, "लगीन कुणाचं म्हणायचं हे?"

आबांनी नाचता नाचताच माझ्याकडं बोट केलं आणि ढोलाच्याही वर आवाज काढून ओरडले, "लगीन न्हाई वो! आमच्या पोरीला चूक सापडलीया, चूक!"